लंडन ते पॅरिस : ३४४ किलोमीटर आणि त्यांना लागणारा वेळ

दोन शहरांमधील अंतर सांगण्यापूर्वी ती शहरे कोणत्या बिंदूंनी दाखवायची हे ठरवावे लागते, कारण लंडन किंवा पॅरिससारखे शहर शेकडो चौरस किलोमीटरांवर पसरलेले असते आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यातच तासभर मोडतो. लंडनपासूनची अंतरे परंपरेने चेअरिंग क्रॉस येथील पहिल्या चार्ल्स राजाच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी धरली जातात, तर फ्रान्समधील रस्त्यांचा शून्य बिंदू पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलसमोरच्या चौकात फरसबंदीत बसवलेला आहे. या दोन बिंदूंमधील सरळ अंतर सुमारे ३४४ किलोमीटर भरते. येथे सरळ याचा अर्थ बृहद्वृत्तावरून मोजलेले, असा घ्यायचा. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिचा पृष्ठभाग छेदला असता जे वर्तुळ मिळते त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि पृष्ठभागावरील कोणत्याही दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग याच वर्तुळाचा एक कंस असतो. वैमानिक आणि खलाशी हेच अंतर सागरी मैलांत सांगतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असून मुळात तो अक्षांशाच्या एका कलेएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, मानला गेला. त्या मापाने लंडन आणि पॅरिस यांच्यात सुमारे १८६ सागरी मैल आहेत.

याशिवाय आणखी दोन अंतरे प्रवाशाच्या कामाची असतात. लंडनचा हीथ्रो आणि पॅरिसचा शार्ल द गोल या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ३४८ किलोमीटर आहे, आणि लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकापासून पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकापर्यंतचा लोहमार्ग ४९२ किलोमीटरांचा आहे, कारण त्याला आधी पूर्वेला केंटच्या किनाऱ्याकडे, मग इंग्लिश खाडीखालून आणि नंतर लील शहराच्या बाजूने वळसा घेऊन जावे लागते. ही तिन्ही अंतरे आज कोणालाही क्षणात मिळतात. परंतु लंडन आणि पॅरिस यांची परस्परांपासूनची स्थिती अचूक मोजणे हा अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील विज्ञानापुढचा एक मोठा प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तराची सुरुवात जेथे झाली ती जागा आज हीथ्रो विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील युद्ध १७८३ मध्ये नुकतेच थांबले होते, त्याच वर्षी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ सेझार-फ्रान्स्वा कासिनी द थ्युरी यांनी ब्रिटिश सरकारकडे एक निवेदन पाठवले. ग्रिनिच आणि पॅरिस येथील वेधशाळांच्या अक्षांश-रेखांशांमधील फरक निश्चित नसल्याने दोन्हीकडच्या निरीक्षणांची सांगड घालता येत नाही, तेव्हा दोन्ही वेधशाळा त्रिकोणांच्या एका अखंड साखळीने जोडाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्रिकोणीय सर्वेक्षणाची पद्धत अशी की जमिनीवर एकच रेषा अत्यंत काळजीपूर्वक प्रत्यक्ष मोजायची, तिला आधाररेषा म्हणायचे, आणि मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे किंवा मनोऱ्याकडे होणारे कोन मोजून त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. अशा प्रत्येक नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करत शेकडो किलोमीटरांचे अंतर साखळी न ओढता ठरवता येते. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्या पाठिंब्याने हे काम लष्करी अभियंता विल्यम रॉय यांच्याकडे आले आणि त्यांनी आधाररेषेसाठी लंडनच्या पश्चिमेचा हाउन्स्लो हीथ हा सपाट, मोकळा माळ निवडला.

१७८४ च्या उन्हाळ्यात रॉय यांनी किंग्ज आर्बर या ठिकाणापासून हॅम्प्टनच्या गरीबखान्यापर्यंतची रेषा मोजली. आरंभी वापरलेल्या लाकडी दांड्या हवेतील दमटपणाने लांबीत बदलतात असे आढळल्यावर त्यांनी काचेच्या नळ्या घेतल्या, कारण काचेवर दमटपणाचा परिणाम होत नाही आणि तापमानाने होणारा बदल हिशेबात धरता येतो. सुमारे २७,४०४ फूट, म्हणजे ८.३५ किलोमीटर, अशी या रेषेची लांबी आली, आणि या कामासाठी रॉय यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. पुढचे कोन मोजण्यासाठी जेसी रॅम्सडेन या उपकरणकाराने तीन फूट व्यासाचे थिओडोलाइट, म्हणजे आडवे आणि उभे कोन मोजण्याचे दुर्बिणयुक्त यंत्र, तयार केले. ते हाती यायला १७८७ साल उजाडले. त्या शरद ऋतूत खाडीच्या दोन्ही तीरांवर रात्री पांढरे तेजस्वी दिवे पेटवले गेले आणि इंग्रज पथकाने डोव्हरच्या किल्ल्यावरून, तर धाकटे कासिनी, मेशँ आणि लजांद्र या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समोरच्या किनाऱ्यावरून एकमेकांचे दिवे न्याहाळून पाण्यापलीकडचे त्रिकोण पुरे केले. रॉय १७९० मध्ये आपल्या अंतिम अहवालाची मुद्रिते तपासत असतानाच वारले, आणि पुढच्याच वर्षी, १७९१ मध्ये, ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा-संस्थेची स्थापना झाली. हीच पद्धत घेऊन विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजली, आणि तेथून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ झाला, एवढा या मोजणीचा वारसा मोठा आहे. आधाररेषेचे किंग्ज आर्बरचे टोक दाखवण्यासाठी जमिनीत उभी पुरलेली तोफ आज हीथ्रोच्या उत्तरेकडील रस्त्यालगत आहे. विमानतळावर येणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी फार थोड्यांना तिची वार्ता असते, आणि ही गोष्ट खेदाची आहे, कारण ज्या अंतरासाठी ते तिकीट काढतात त्याच्या शास्त्रशुद्ध मोजणीचे पहिले पाऊल तेथेच पडले.

विमानाने हे अंतर नियमित कापले जाऊ लागले तेही याच माळावरून. लुई ब्लेरिओ यांनी २५ जुलै १९०९ रोजी कॅलेजवळून डोव्हरपर्यंतची खाडी सुमारे ३७ मिनिटांत ओलांडली होती. त्यानंतर दहा वर्षांनी आणि पहिले महायुद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, २५ ऑगस्ट १९१९ रोजी, एअरक्राफ्ट ट्रान्स्पोर्ट अँड ट्रॅव्हल या कंपनीचे डी. एच. ४ए जातीचे विमान हाउन्स्लो हीथहून एक प्रवासी आणि थोडा माल घेऊन पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाकडे निघाले व सुमारे अडीच तासांत पोहोचले. रोज ठरल्या वेळी उडणारी आंतरराष्ट्रीय विमानसेवा म्हणून इतिहासकार ज्या आरंभबिंदूकडे बोट दाखवतात तो हाच. मूळ बाँबफेकी विमानात फेरफार करून प्रवाशाची जागा केलेली होती आणि एका दिशेचे भाडे २१ पौंड होते, जे त्या काळच्या कामगाराच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीएवढे होते. १९२० मध्ये लंडनचा विमानतळ क्रॉयडनला गेला आणि क्रॉयडन ते ल बूर्जे हा मार्ग युरोपातील हवाई वाहतुकीची प्रयोगशाळा ठरला.

या प्रयोगशाळेतील धडे काही वेळा जीव देऊन शिकले गेले. रेडिओवरून दिशा दाखवणारी साधने अजून अपुरी असल्याने वैमानिक खाली दिसणाऱ्या रस्त्यांच्या आणि लोहमार्गांच्या आधाराने, बरेचदा ढगांखालून, विमान नेत असत, आणि समोरून येणारा वैमानिकही तोच रस्ता धरून येत असे. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये पिकार्दी भागात धुक्यात क्रॉयडनहून निघालेले एक टपाल विमान आणि ल बूर्जेहून येणारे फार्मां गोलियथ प्रवासी विमान समोरासमोर आदळून दोन्हींतील मिळून सातही जण ठार झाले. नियमित हवाई सेवेतील दोन विमानांच्या हवेतील टकरीची ही पहिली नोंद आहे. त्यानंतर संबंधितांनी एकत्र बसून विमानांनी आपल्या उजव्या बाजूने जावे यासारखे नियम आखले. आज दोन विमानांमध्ये राखल्या जाणाऱ्या उंचीच्या आणि अंतराच्या मर्यादा, ठरलेले हवाई मार्ग आणि जमिनीवरून होणारे नियंत्रण यांची एक मुळी या मार्गावरच्या त्या दिवसांपर्यंत जाते, आणि म्हणूनच आजचे विमान सरळ रेषेत का उडत नाही हे समजून घेताना त्या सात जणांची आठवण ठेवायला हवी.

वेग वाढत गेला, पण एका मर्यादेपर्यंतच. १९३१ पासून इंपीरियल एअरवेजची हँडली पेज एच. पी. ४२ ही चार इंजिनांची द्विपंखी विमाने ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने, प्रवाशांना गरम जेवण वाढत, पॅरिसला जात, म्हणजे दोन तासांहून अधिक वेळ लागे. २९ जुलै १९५० रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजच्या व्हायकाउंट विमानाने लंडनच्या नॉर्थोल्ट येथून ल बूर्जेपर्यंत जगातील पहिले टर्बोप्रॉप, म्हणजे वायू-टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या इंजिनाचे, ठरल्या वेळापत्रकाचे प्रवासी उड्डाण केले, आणि त्याला ५७ मिनिटे लागली. त्यानंतर विमानांचा वेग ताशी आठशे किलोमीटरांच्या पुढे गेला, तरीही लंडन-पॅरिस उड्डाणाचा हवेतील काळ आज साधारण पाऊण तास ते तासभरच असतो, आणि वेळापत्रकात तर सव्वा तास किंवा एक तास वीस मिनिटे छापलेली असतात. पाऊण शतकाच्या प्रगतीनंतर वेळ कमी झालेला नाही, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याची कारणे उड्डाणाच्या अंतर्रचनेत आहेत.

वेळापत्रकातील वेळेला विमान-व्यवसायात ब्लॉक टाइम म्हणतात. विमान उभे असताना चाकांना लावलेले अडसर काढून ते जागेवरून हलते त्या क्षणापासून, दुसऱ्या विमानतळावर चाके पुन्हा अडसरांनी रोखली जातात त्या क्षणापर्यंतचा हा काळ होय. एअरबस ए३२० सारखे विमान ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने संपूर्ण मार्ग गेले असते, तर ३४८ किलोमीटर २५ मिनिटांत संपले असते. प्रत्यक्षात हीथ्रोच्या टर्मिनलपासून धावपट्टीपर्यंत हळू चालत जाण्यात आणि तेथील रांगेत उभे राहण्यात दहा-वीस मिनिटे जातात. हीथ्रोला केवळ दोन धावपट्ट्या आहेत आणि वर्षाला ४,८०,००० उड्डाणे व अवतरणे एवढीच मर्यादा घातलेली आहे. ती जवळजवळ पूर्ण वापरली जात असल्याने लहानसा अडथळाही दिवसभर पुढे सरकत राहतो. उड्डाणानंतर दहा हजार फुटांच्या खाली वेग साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, यापलीकडे नेता येत नाही. इतक्या थोड्या अंतरात विमान आपल्या पूर्ण उंचीवर स्थिरावण्याचा काळ अत्यल्प असतो. चढण संपते न संपते तोच उतरण सुरू करावी लागते, आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणांत जो वेग उपयोगी पडतो तो येथे काही मिनिटेच कामाला येतो.

वाटही सरळ नसते. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आणि शार्ल द गोल पॅरिसच्या ईशान्येला असल्याने शहरांमधली रेषा आणि विमानतळांमधली रेषा मुळातच वेगळ्या आहेत. त्यातच लंडनभोवती अनेक विमानतळांचे येण्याजाण्याचे मार्ग एकमेकांवरून जात असल्यामुळे जाणारी आणि येणारी विमाने वेगवेगळ्या वाटांनी नेली जातात. या भागात पश्चिमेचा वारा प्रबळ असतो आणि विमाने वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडतात व उतरतात. त्यामुळे हीथ्रोहून पॅरिसला निघालेले विमान बरेचदा आधी पश्चिमेला, म्हणजे पॅरिसकडे पाठ करून, झेप घेते आणि मग वळते. परतीच्या वेळी लंडनच्या आकाशात गर्दी असेल तर आग्नेयेकडून आलेल्या विमानाला बिगिन हिल परिसरावर ठरलेल्या लंबवर्तुळात, एकावर एक हजार फुटांच्या अंतराने रचलेल्या विमानांच्या उतरंडीत, फेऱ्या घालत आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. याशिवाय संपूर्ण युरोपच्या आकाशातील वाहतुकीचा मेळ युरोकंट्रोल ही संस्था ब्रसेल्समधून घालते, आणि वाटेतील एखाद्या क्षेत्रावर ताण येत असेल तर विमानाला हवेत ताटकळवण्याऐवजी जमिनीवरच रोखून त्याला उड्डाणाची नेमकी वेळ देते. त्या वेळेच्या पाच मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंतच त्याने झेप घ्यायची असते. विमान कंपन्या या सर्व शक्यता धरून वेळापत्रकात काही मिनिटांची भर टाकतात. १५ मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान वेळेवर आले असे मानण्याचा संकेत आहे, आणि वेळेवर येण्याची टक्केवारी चांगली दिसावी हाही त्या भरीमागचा एक हेतू असतो. प्रवाशाला मात्र तिचा फायदाच होतो, कारण पुढची गाडी किंवा विमान पकडण्याचा त्याचा हिशेब अधिक भरवशाचा ठरतो.

वेळापत्रक वाचताना आणखी एका गोष्टीने नवख्या प्रवाशाचा गोंधळ होतो. लंडनहून सकाळी ९ वाजता निघालेले विमान पॅरिसला ११ वाजून २० मिनिटांनी पोहोचते, आणि पॅरिसहून ९ वाजता निघालेले विमान लंडनला ९ वाजून २० मिनिटांनीच पोहोचते, असे छापलेले असते. दोन्ही वेळा स्थानिक घड्याळाच्या असून फ्रान्सचे घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असते. खरे तर सूर्याच्या हिशेबाने दोन्ही शहरांत फार थोडा फरक आहे. पॅरिसची वेधशाळा ग्रिनिचच्या पूर्वेला केवळ २ अंश २० कला आहे, आणि पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेत असल्यामुळे पॅरिसचा मध्यान्ह लंडनच्या आधी अवघी ९ मिनिटे २१ सेकंद येतो. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत ग्रिनिचचे रेखावृत्त जगाचे मूळ रेखावृत्त म्हणून स्वीकारले गेले तेव्हा फ्रान्सने मत दिले नाही. पुढे १९११ च्या कायद्याने फ्रान्सने अधिकृत वेळ म्हणून पॅरिसच्या मध्यमान वेळेतून ९ मिनिटे २१ सेकंद वजा केलेली वेळ ठरवली, म्हणजे ग्रिनिचचे नाव न घेता ग्रिनिचची वेळ स्वीकारली. त्यानंतर जवळजवळ तीन दशके दोन्ही राजधान्यांची घड्याळे मुळात एकाच वेळेला बांधलेली होती. १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस ताब्यात घेतल्यावर तेथे बर्लिनची वेळ लागू झाली, आणि युद्ध संपल्यानंतरही फ्रान्स मध्य युरोपीय वेळेवरच राहिला. त्यामुळे आज उन्हाळ्यात पॅरिसमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात पावणेदोन वाजून गेलेले असतात, आणि विमानाच्या वेळापत्रकातला तो एक तास ना अंतरातून आलेला आहे, ना उड्डाणातून. तो एका युद्धातून आलेला आहे.

विमानाच्या वेळेशी रेल्वेची तुलना केल्याशिवाय या मार्गाचे वर्णन पुरे होत नाही. शतकभरापूर्वी लंडन-पॅरिस प्रवास रेल्वे, बोट आणि पुन्हा रेल्वे असा होई. पॅरिसमध्ये काही आठवडे काढून विनायक दामोदर सावरकर १३ मार्च १९१० रोजी याच मार्गाने लंडनला परतले तेव्हा त्यांना व्हिक्टोरिया स्थानकावर उतरताच अटक झाली. मराठी इतिहासात हे स्थानक त्या घटनेमुळे आले आहे, पण खाडीपलीकडून येणाऱ्यांसाठी लंडनचे ते नेहमीचे प्रवेशद्वार होते. १९२९ पासून धावणाऱ्या गोल्डन ॲरो या आलिशान गाडीलाही, बोटीचा वेळ धरून, साडेसहा तासांच्या आसपास लागत. १९३६ ते १९८० या काळात चाललेल्या नाइट फेरी या गाडीचे शयनडबे डोव्हरला थेट जहाजात चढवले जात आणि डंकर्कला उतरवले जात, त्यामुळे प्रवासी झोपेतच समुद्र ओलांडत.

६ मे १९९४ रोजी राणी दुसरी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांनी खाडीखालच्या बोगद्याचे उद्घाटन केले. सुमारे ५०.५ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याचा जवळजवळ ३८ किलोमीटर भाग समुद्रतळाखाली आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युरोस्टार गाड्या सुरू झाल्या. फ्रान्समध्ये त्या ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावत, पण इंग्लंडच्या बाजूला जुन्या उपनगरी रुळांवरून जावे लागत असल्याने एकूण तीन तास लागत. २००३ मध्ये आणि १४ नोव्हेंबर २००७ रोजी इंग्लंडमधील द्रुतगती मार्गाचे दोन टप्पे खुले झाल्यावर ही वेळ सव्वादोन तासांवर आली. नव्या मार्गाच्या चाचणीत ४ सप्टेंबर २००७ रोजी एका गाडीने पॅरिस ते सेंट पँक्रस हा प्रवास २ तास ३ मिनिटे ३९ सेकंदांत केला होता. बोगद्यात मात्र वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंतच ठेवला जातो.

घरापासून मुक्कामापर्यंतचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. लंडनच्या मध्यभागातून हीथ्रोला पोहोचायला अर्धा ते पाऊण तास, तेथे दोन तास आधी हजेरी, सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ उड्डाणात, मग पारपत्र तपासणी आणि शेवटी शार्ल द गोलहून उपनगरी गाडीने आणखी अर्धा तास, असे मिळून पाच तासांच्या आसपास जातात. रेल्वेने जाणारा प्रवासी गाडी सुटण्याच्या तास-दीड तास आधी सेंट पँक्रसला पोहोचतो आणि पॅरिसच्या ऐन वस्तीत उतरतो, म्हणजे त्याचा एकूण वेळ चार तासांच्या आत-बाहेर राहतो. सदस्य देशांमधील सीमा-तपासणी काढून टाकणाऱ्या शेंगेन करारात ब्रिटन नसल्याने फ्रान्समधील प्रवेशाची तपासणी होतेच, पण रेल्वेच्या प्रवाशाची ती लंडनच्या स्थानकावरच उरकलेली असते आणि गार द्यु नोरला उतरणारा प्रवासी थेट रस्त्यावर येतो. भारतीय पारपत्रधारकांनी येथे एक गोष्ट विसरू नये: ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही आणि शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही, तेव्हा दोन्ही शहरे पाहणाऱ्याला दोन्ही स्वतंत्रपणे घ्यावे लागतात, आणि या तयारीला लागणारे आठवडे कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नसतात.

रेल्वेने अडीच तासांत जाता येते अशा अंतरासाठी विमान नको, हे तत्त्व फ्रान्सने २०२१ च्या हवामानविषयक कायद्यात आणले आणि २०२३ पासून पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाहून बोर्दो, नांत आणि लियाँ येथे होणारी उड्डाणे त्याखाली बंद राहिली. लंडन-पॅरिस मार्गाला ही मर्यादा लागू होत नाही, कारण कायदा देशांतर्गत उड्डाणांपुरता आहे. लागू झाली असती तर वेळेच्या कसोटीवर हा मार्ग त्यात सहज बसला असता. तरीही येथील विमाने रिकामी जात नाहीत, कारण मुंबई, न्यू यॉर्क किंवा जोहान्सबर्गहून हीथ्रोला येऊन पुढे पॅरिसला जाणाऱ्या प्रवाशाला सामानासह लंडनच्या मध्यभागी जाऊन रेल्वे पकडण्यापेक्षा त्याच विमानतळावरून पुढचे विमान घेणे सोयीचे पडते, आणि त्याचे सामानही मूळ गावी दिलेल्या एकाच पावतीवर थेट पॅरिसला जाते.